पन्नाशीचं ‘दत्तक मूल’

प्रश्न असा आलाय: कोरियातून अमेरिका-युरोपात दत्तक गेलेल्यांवरचा लेख मराठीत करतेय. ‘अडॉप्टी’ला ‘दत्तक मूल’ म्हणू का? लेखातल्या बाई बावन्न वर्षांच्या आहेत.

नका म्हणू. खुद्द कोरियन भाषेत हाच पेच होता. जुना शब्द ‘इब्यांगा’: ‘इब’ म्हणजे आत येणं, ‘यांग’ म्हणजे पोसणं आणि शेवटचा ‘आ’ म्हणजे मूल. १९५३ नंतर सुमारे २ लाख मुलं परदेशी गेली, एकट्या १९८५ साली ८,८००च्या वर. ती मोठी झाली, शोध घेत सोलला परतली, तरी तिथे त्यांना मूलच म्हणायचे. म्हणून त्यांनी ‘इब्यांगिन’चा आग्रह धरला. ‘इन’ म्हणजे माणूस.

मराठीत मला आधी ‘दत्तकजन’ सुचला होता, पण तो भजनी मंडळासारखा वाटतो. ‘दत्तक घेतलेली व्यक्ती’ यात सगळं कर्तृत्व घेणाऱ्याचं. ‘दत्तक’चा मूळ अर्थ ‘दिलेला’, म्हणजे तिथे देणारा आला. जाणाऱ्याच्या बाजूने बोलणारं क्रियापद मात्र आपल्याकडे तयार आहे: दत्तक जाणे. कवळाण्याचे गोपाळराव १८७५ मध्ये बडोद्याला दत्तक गेले आणि सयाजीराव झाले, असंच आपण सांगतो. त्यात जिथून निघाले ते गावही येतं. तेव्हा ‘दत्तक गेलेल्या कोरियन’, किंवा लेखात संदर्भ आलेला असेल तर नुसतं ‘दत्तक गेलेल्या’ लिहा. तान्ही पोरं काही आपल्या पायांनी गेली नाहीत हे खरं, पण ‘सासरी जाणे’मध्ये तरी कुठे मुलीला विचारलेलं असायचं!

त्याच लेखात ‘ऑर्फन’ आला तर मात्र जपून. अमेरिकेच्या व्हिसासाठी मूल अनाथ असावं लागे, म्हणून आईवडील हयात असलेल्या कितीतरी मुलांच्या नावाने ‘गोआ होजॉक’ निघालं. (‘गोआ’ म्हणजे अनाथ, आपल्या गोव्याचा संबंध नाही.) होजॉक ही घराण्याची सरकारी नोंदवही होती; २००८ मध्ये ती पद्धत बंद झाली. या वहीत एकच नाव, मुलाचं. वर बाप नाही, आई नाही. गोपाळरावांचं कवळाणं सगळ्यांना ठाऊक होतं. यांचं गाव कागदावरूनच पुसलं गेलं. तिथे ‘अनाथ’ लिहिलंत तर तीच खोटी नोंद मराठीत उतरेल. ‘कागदोपत्री अनाथ’ लिहा.