लॅमिनेशनवाल्याकडे जायच्या आधी थोडं थांबा

तुमची पोस्ट कालपासून तीनदा वाचली. दोन वर्षांपूर्वी आईबाबांना घेऊन केलेली हंपी-बदामीची सहल, तिची चिकटवही, त्यात हॉटेलांची बिलं, बसची तिकिटं, फोटो. आता बिलांवरची अक्षरं उडत चाललीत, चिकट पानांच्या अल्बममधले फोटो सुटत नाहीत, गोंद लावलेल्या पानांना लाटा आल्यात. आणि शेवटी तुम्ही लिहिलंय, "सोमवारी सगळं सोडवून लॅमिनेट करून आणते, म्हणजे कायमचा प्रश्न मिटेल." ते वाचून पोटात गोळाच आला. म्हणून हे लंबण.

आधीच सांगते, मी यातली तज्ज्ञ वगैरे नाही. पतपेढीत नोकरी करते, रत्नागिरीत राहते आणि घरात अकरा चिकटवह्या आहेत, त्यातल्या चार वाया गेलेल्या. खालचं सगळं त्या चारांतून शिकलेलं आहे. कागद किती जाडीचा घ्यावा, पानाची मांडणी कशी करावी यावर इथे भरपूर लिहून झालंय, ते सोडून देते.

माझे बाबा एसटीत कंडक्टर होते. २०१२ साली निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी शेवटच्या फेरीला आई मुद्दाम गाडीत जाऊन बसली, आणि बाबांनी तिच्याकडून पैसे घेऊन रीतसर तिकीट दिलं. "मोफत प्रवास करायचा नाही," असं वर ऐकवलंही. ते तिकीट आईने पर्समध्ये जपलं. बाबा गेल्यावर वर्षश्राद्धाच्या आधी मी त्यांची चिकटवही करायला घेतली. जुनी पत्र्याच्या पेटीतली रंगीत, पंच केलेली तिकिटं होती, बिल्ला होता, कुठल्याशा सत्काराचं कात्रण होतं. पण मधल्या पानावर मानाने बसणार होतं ते हे शेवटचं तिकीट. तेव्हा गाड्यांत यंत्रं आली होती, म्हणजे हे तिकीट यंत्रातलं, पांढऱ्या पट्टीवर छापलेलं. अक्षरं थोडी फिकट वाटायला लागली होती. मला वाटलं, लॅमिनेट केलं की जपलं जाईल.

झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानाचं नाव लिहीत नाही, लिहून उपयोगही नाही, असली दुकानं गल्लोगल्ली आहेत. त्याने पाऊचमध्ये तिकीट ठेवलं, यंत्रात सरकवलं, आणि दुसऱ्या बाजूने ते बाहेर यायला लागलं तेव्हा पुढची कड काळी दिसली. मला वाटलं रोलरला शाई लागलीय. मग मार्गाचं नाव यायला हवं होतं तिथे काळं, रकमेच्या जागी काळं, तारखेच्या जागी काळं. आठदहा सेकंदांत अख्खी पट्टी कोळशासारखी झाली. वरून चकचकीत, चारी कडांनी सुरेख सील केलेली. दुकानदार म्हणाला, "थर्मल होतं काय? आधी सांगायचं ना ताई." आणि वीस रुपये घेतले. आणि मी दिले! या गोष्टीचा राग मला अजून त्याच्यापेक्षा स्वतःचा जास्त येतो.

चार दिवसांनी परत जाऊन त्याला म्हटलं, बाबा रे, निदान काउंटरवर एक कागद लाव, थर्मल कागद लॅमिनेट होत नाही म्हणून. तो म्हणाला, रोज पन्नास जण येतात, कुणाकुणाला वाचून दाखवू. दरपत्रक मात्र ठसठशीत अक्षरांत लावलेलं होतं. असो.

घडलं काय ते सांगते, कारण तुमची हॉटेलची बिलं तीच आहेत. या कागदावर शाई नसतेच. कागदालाच एक थर दिलेला असतो, त्यात रंग दडलेला असतो, पण गरम होईपर्यंत दिसत नाही. छापणाऱ्या यंत्राचं डोकं जिथे तापतं तेवढाच भाग काळा होतो आणि ती आपली अक्षरं. लॅमिनेशनचा रोलर शंभर अंशांच्या पुढे तापलेला असतो, म्हणजे तो अख्खी पट्टीच एकदम "छापतो". हे परत पांढरं होत नाही. मी चौकशी करकरून थकले.

उलट बाजूने, गरम न करताही ही अक्षरं उडतातच. ऊन, तेलकट बोटं, मऊ प्लॅस्टिकचे खिसे, चिकटपट्टी, सगळं त्यांच्या मुळावर. तुम्ही बिलांवर आडवी चिकटपट्टी लावलीय ना? नीट बघा, पट्टीखालची अक्षरं आधी गेली असतील. कागद थर्मल आहे की साधा, हे ओळखायला कोऱ्या कोपऱ्यावर नख जोरात ओढा. काळी रेघ उमटली तर थर्मल.

तेव्हा सोमवारी दुकानात जायचंच असेल तर जा, पण लॅमिनेशनला नाही, झेरॉक्सला. लेझर यंत्रावर, चांगल्या कागदावर. टोनरची, म्हणजे त्या यंत्रातल्या कोरड्या भुकटीची, छपाई वर्षानुवर्षं टिकते, घरच्या इंकजेटची रंगीत प्रत मात्र पाणी आणि ऊन दोन्हीला घाबरते. त्याआधी घरी सगळी बिलं ६०० डीपीआयवर रंगीत स्कॅन करा. पुसट झालेल्यांचा कॉन्ट्रास्ट वाढवून बघा, डोळ्यांना न दिसणारी अक्षरंही कधीकधी वर येतात. सगळ्यांची येतील असं म्हणत नाही. चिकटवहीत प्रत लावा, मूळ बिल कागदी पाकिटात घालून मागे ठेवा, विझायचं तर विझू दे.

साधं, थर्मल नसलेलं पत्र किंवा पत्रिका असली तरी लॅमिनेशन नकोच, हे माझं मत. काही जणांना पटणार नाही. शाळेच्या दाखल्याच्या झेरॉक्सचं करा खुशाल. पण आजोबांचं पत्र त्या वितळलेल्या गोंदात एकदा बसलं की कुणी मायेचा पूत ते बाहेर काढू शकत नाही. आणि आमच्या कोकणात कडेची सील जरा सुटली की ओल आत शिरते, मग आतल्या आत बुरशी, बाहेरून पुसताही येत नाही. झाकायचंच असेल तर पॉलिएस्टरच्या दोन पारदर्शक शीटमध्ये नुसतं ठेवा, गोंद नाही, उष्णता नाही, दोन बाजू उघड्या. खिसे घेताना वास घ्या. नव्या रेनकोटसारखा वास आला तर ते पीव्हीसी, परत ठेवा. पॉलिप्रॉपिलिन चालतं.

आता फोटो. चिकट पानांवर प्लॅस्टिकचा पडदा असलेले ते अल्बम माझ्या लहानपणी घरोघरी होते, "मॅग्नेटिक" म्हणायचे, चुंबकाचा काही संबंध नाही. तो चिकटा काळाबरोबर पिवळा होतो आणि दगडासारखा धरतो. कोपरा धरून फोटो उपसू नका. आधी प्रत्येक पानाचा जसं आहे तसा मोबाइलवर फोटो काढा. मग दात साफ करायचा दोरा, मेण नसलेला, फोटोच्या मागे घालून करवतीसारखा हळूहळू इकडून तिकडे ओढत न्या. अडला तर पानाच्या मागच्या बाजूने केस वाळवायचं यंत्र मंद आचेवर, दुरून, थोडा वेळ. (थर्मल बिलांच्या पानाला नाही! ते पान बाजूला ठेवा.) फोटो वाकायला लागला किंवा वरचा थर सुटताना दिसला की तिथेच थांबायचं, आणि तो फोटो पानासकट कापून ठेवायचा. मी माझ्या मुंजीतल्या भावाचा एक फोटो हट्टाने सोडवला, त्याच्या डाव्या गालाचा तुकडा पानावरच राहिला. अजून ऐकून घेते.

गोंदाचं म्हणाल तर ज्या वस्तूची दुसरी प्रत नाही तिला गोंद लावायचाच नाही. हे मला पुस्तकातून नाही, आजीच्या लग्नाच्या अल्बमवरून कळलं. काळ्या जाड कागदाची पानं, दोऱ्याने बांधलेली, प्रत्येक दोन पानांमध्ये कोळ्याच्या जाळ्याची नक्षी उठवलेला तो पातळ, कुरकुरीत बटर पेपर, आणि फोटो चार कोपऱ्यांत नुसते खोचलेले. पन्नासएक वर्षांनी मी त्यातला फोटो स्कॅनसाठी अलगद काढला, तो असा हातात आला! मागे आजोबांनी पेन्सिलीने लिहिलेली तारीख तशीच. नव्वदीतल्या आमच्या चिकट अल्बमातले रंगीत फोटो मात्र कुजल्यासारखे. तेव्हा फोटोंचे कोपरे वापरा. मिळाले नाहीत तर चांगल्या कागदाच्या पट्ट्या दुमडून घरी करता येतात, पाच मिनिटांचं काम. पानाला आलेल्या लाटा पातळ पांढऱ्या गोंदातल्या पाण्यामुळे आहेत, त्या आता पूर्ण जाणार नाहीत. दोन शोषक कागदांमध्ये घालून वर डिक्शनऱ्या ठेवून बघा, थोडी सुधारतील.

काही लोक मैद्याची खळ करा म्हणून सांगतील. खळ वाईट नाही, पाण्याने सुटते हा तिचा मोठा गुण. पण पावसाळ्यात कसर त्या खळीवर ताव मारते. त्यावर उपाय म्हणून मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) घालायची जुनी बाइंडरांची पद्धत आहे. तुम्ही ती करू नका, एक तर विषारी, दुसरं म्हणजे तांबं कागदाला मानवत नाही.

आणि रीलवाल्यांचं ते चहाच्या पाण्यात कागद बुडवून "जुना" करायचं खूळ! कडा मेणबत्तीवर जाळायच्या, वर कॉफीचे डाग. दिसायला छान दिसतं, नाही म्हणत नाही. पण तो चहा आम्लधर्मी असतो आणि तुम्ही त्याच पानावर आईचा खरा फोटो लावता. जुना दिसायला हवा असलेला कागद खरंच लवकर म्हातारा होतो, आणि शेजारच्यालाही ओढतो. वर्तमानपत्राच्या कात्रणांचंही तेच, मूळ कात्रण नको, प्रत लावा. आमच्या एका चिकटवहीत लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यांना लावलेलं हळदकुंकू समोरच्या पानावरच्या मामाच्या कपाळाऐवजी नाकावर उमटलंय. त्यामुळे पत्रिकेसमोर फोटो कधी नाही, मधे बटर पेपर.

दुकानात कागदावर "ॲसिड फ्री", म्हणजे आम्ल नसलेला, असं लिहिलेलं दिसलं की लगेच हुरळू नका. त्यासोबत "लिग्निन फ्री" आहे का बघा, कारण लाकडाच्या लगद्यातलं लिग्निनच कागद पिवळा करतं. फोटोंच्या सामानावर "पॅट" चाचणी उत्तीर्ण असा उल्लेख असेल तर उत्तम, ती चाचणी खास फोटोंसाठीच आहे. हे परदेशी सामान महाग पडतं. मी पुण्याला गेले की शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून कागद आणते. १९४० सालची संस्था आहे, सुती चिंध्यांपासून कागद बनतो, म्हणजे लाकडाचा लगदाच नाही. जरा खडबडीत असतो, जेल पेन अडखळतं, पण मला तेच आवडतं. कोपरे, पट्ट्या, रिबिनी असलं किरकोळ सामान रविवार पेठेत, बोहरी आळीत. मुंबईकरांनी अब्दुल रहमान स्ट्रीट गाठावा, पण शनिवारी दुपारी नको, चालताही येत नाही.

अवांतर: वाशी टेप, म्हणजे ती नक्षीदार कागदी चिकटपट्टी, तिचा वाशी स्टेशनशी काही संबंध नाही, माझ्या भाचीला तसं वाटायचं. जपानमधल्या ज्या कारखान्याने ती नक्षीदार टेप २००८ मध्ये बाजारात आणली, तो १९२३ मध्ये माश्या पकडायचा चिकट कागद बनवायला सुरू झाला होता. टेप सहज सुटते म्हणून मला चालते, पण थेट फोटोवर नाही, कडेला नक्षीपुरती.

जूनच्या आत चिकटवह्या भिंतीला लागून असलेल्या कपाटातून काढा आणि उभ्या ठेवा, घट्ट दाबून नाही. मी वेखंडाचे तुकडे कापडात बांधून ठेवते आणि नव्या चपलांच्या खोक्यातल्या सिलिका जेलच्या पुड्या जमवते. डांबराच्या गोळ्या वहीत टाकू नका.

बाबांच्या चिकटवहीच्या मधल्या पानावर ते काळं तिकीटच आहे, चार कोपऱ्यांत खोचलेलं. माझी इच्छा नव्हती, आईने लावायला लावलं. खाली तिने पेन्सिलीने मार्ग आणि रक्कम लिहिलीय, तिला पाठ होती. रकमेबद्दल मला शंका आहे, पण तिच्याशी वाद कोण घालणार.

तुमची तीन बिलं "पूर्ण कोरी" झालीत असं लिहिलंय, ती आजच स्कॅन करून कॉन्ट्रास्ट वाढवून बघा आणि काय दिसतं ते इथे टाका. चिकट अल्बमच्या पानाचा मागच्या बाजूचाही फोटो टाका, पान पुठ्ठ्याचं आहे की पातळ, त्यावर दोरा कुठून घालायचा ते सांगते.