उत्तर नॉर्वेतल्या लोफोटेन बेटांवरच्या हेनिंग्सव्हेरसारख्या छोट्या बंदरगावात दोन-तीन दिवस राहावं का? कधी जावं, कुठे उतरावं?

नक्की राहा. बहुतेक जण तासाभरात फोटो काढून पुढे जातात आणि गावाची खरी मजा हुकते.

उतरायला रोरबू घ्या. पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या या लाल लाकडी खोल्या मुळात हिवाळ्यात मासेमारीला येणाऱ्या खलाशांसाठी होत्या. जवळच्या व्होगनमध्ये राजा ऑयस्टाइनने साधारण ११२० साली अशी घरं बांधवली होती. आता बहुतेकांत स्वयंपाकघर असतं, त्यामुळे डाळ-तांदूळ सोबत न्या. नॉर्वेत बाहेरचं जेवण फार महाग, शाकाहाऱ्यांना पर्यायही थोडे. रविवारी बरीच दुकानं बंद, म्हणून सामान शनिवारीच भरा.

मध्यरात्रीचा सूर्य हवा असेल तर मेअखेर ते जुलैमध्य. पण माझं मत विचाराल तर मार्च. तेव्हा बॅरेंट्स समुद्रातून अंडी घालायला आलेला कॉड मासा पकडतात आणि शेपटीला शेपटी बांधून, मीठ न लावता, लाकडी मांडवांवर वाळत घालतात. वर्सोव्यात बोंबील वाळताना पाहिलेत ना? तोच प्रकार, फक्त उन्हाऐवजी गार वाऱ्यावर. वास येतो, पण कोळीवाड्याची सवय असलेल्याला तो आपलासाच वाटेल. शिवाय रात्री आकाशात उत्तरप्रकाश (अरोरा) दिसण्याची संधी असते.

पोचायला ओस्लोहून विमानाने बोडो, तिथून स्वोल्व्हेर आणि पुढे बस. गाव बेटांवर वसलंय, पण १९८० च्या दशकात पूल झाल्यापासून रस्ता थेट आत जातो. वाऱ्याला अडवणारं जाकीट मात्र उन्हाळ्यातही विसरू नका.