सॅम्पल उचलण्याआधी एवढं बघ

मित्रा, बीट मस्त जमलाय, थांबू नकोस. फक्त तो सॅम्पल, म्हणजे दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून उचललेला तुकडा, कुणाचा ते आधी बघ.

रॅपर व्हॅनिला आइसचं ‘आइस आइस बेबी’ १९९० मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. त्यातली बेसलाइन (खालच्या सुरांची धून) होती क्वीन हा बँड आणि गायक डेव्हिड बोवी यांच्या १९८१ च्या ‘अंडर प्रेशर’ची. माझ्यात एक सूर जास्तीचा आहे, ही व्हॅनिला आइसची सबब कामी आली नाही. कोर्टाबाहेर तडजोड झाली, गाण्याच्या श्रेयात क्वीन आणि बोवी यांची नावं आली.

नवे लोक इथेच फसतात:
- परवानग्या दोन लागतात. चाल ज्याची त्याची, आणि रेकॉर्डिंग ज्याचं त्याचीही.
- ‘काही सेकंद चालतात’ असं कायद्यात नाही.
- खाली नाव लिहिणं म्हणजे परवानगी नव्हे.

पहिली दोन-तीन गाणी स्वतः वाजवलेल्या बेसवरच कर. चार सूर आणि एक ढोलकी पुरते.