पहिल्यांदाच एकटीने परदेशात जायचंय, बजेट तुटपुंजं आहे. सुरुवात कुठून करू?
तिकिटापासून नको, पासपोर्टपासून करा. बरेच देश किमान 6 महिन्यांची वैधता मागतात. देश निवडताना विमानभाड्याआधी तिथला रोजचा खर्च बघा.

खरी गळती कार्डावर होते. परदेशातलं एटीएम विचारतं, ‘रक्कम तुमच्या देशाच्या चलनात कापू का?’ सोयीचं वाटतं, पण तो दर सहसा तोट्याचाच असतो. स्थानिक चलनच निवडा. मी घाईत भलतंच बटण दाबलं होतं. पावती बघून चरफडले, दुसरं काय!

विमान दिवसाउजेडी उतरेल असं घ्या. रात्री दोनला उतरलात, तर स्वस्त तिकिटात वाचलेले पैसे टॅक्सीवाला नेतो. हॉस्टेलच्या सुरुवातीच्या दोनच रात्री बुक करा; जागा आवडली तर मुक्काम वाढवता येतो. व्हिसासाठी पूर्ण बुकिंग लागत असेल, तर विनाशुल्क रद्द होणारं घ्या. प्रवास विम्यात मात्र काटकसर नको.