खुलासा द्या, माफीनामा नको

प्रश्न : मी अमळनेर तालुक्यातला. लग्नाचे फोटो-व्हिडिओ काढायचा धंदा आहे. मित्रांनी वर्गणी काढून आम्ही अहिराणीत ४२ मिनिटांची हॉरर फिल्म केली. दुष्काळात एका गावात एक पंथ येतो. पंथ सोडणाऱ्याला जमिनीत पुरलं की पाऊस पडतो, असं तो गावाच्या मनावर ठसवतो आणि गाव आपल्याच माणसांना मारायला लागतं, अशी गोष्ट आहे. पंथ, बाबा, गाव सगळं काल्पनिक. यूट्यूबवर ट्रेलर टाकला, तर शेजारच्या गावातल्या मठाचे भक्त म्हणायला लागले, ‘हाऊ त आम्हनाच बाबा शे!’ त्यांनी पोलिसांत अर्ज दिला. मला बोलावून एका नोटिसीवर सही घेतली. मंगल कार्यालयात गावासाठी मोफत शो ठेवला होता, तो मालकाने रद्द केला आणि ५,००० रुपये ॲडव्हान्स परत द्यायला तयार नाही. फोनवर दोनदा जिवे मारण्याची धमकी आली. वडीलधारे म्हणतात, माफीनामा लिहून दे आणि मिटव. मला अटक होईल का? माफीनामा देऊ का? शो कसा करू?

उत्तर : भाऊ, तुम्ही प्रश्नासोबत पाठवलेल्या लिंकवर अख्खी फिल्म पाहिली. रात्री पाहिली, ही माझी चूक. ती म्हातारी हातपंपावर कोपरापर्यंत हात धुते, पदराला पुसते आणि तशीच चुलीपुढे कळण्याची भाकरी थापायला बसते, तिथे मी फिल्म थांबवून पाणी प्यायलो. एकही भूत नाही, तरी अंगावर काटा येतो.

वकिलाच्या नजरेने पाहिलं तर आणखी एक दिसलं. बाबाच्या कपाळावर, गळ्यात, झेंड्यावर कुठल्याही खऱ्या पंथाची खूण नाही. आरतीसुद्धा तुम्ही स्वतः रचलेली वाटते. हे सगळं तुमच्या बाजूचं आहे. विरुद्ध बाजूला दोन गोष्टी आहेत, त्या पुढे सांगतो.

आधी तुमची भीती. सही घेतली ती नोटीस एफआयआर नाही. फोटोत कलम १६८ लिहिलेलं स्पष्ट दिसतं. जुन्या लोकांच्या तोंडी अजून ‘१४९ ची नोटीस’ बसलेली आहे, तीच ही. १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता हा नवा कायदा आला आणि आकडा बदलला, मजकूर तोच : ‘कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण झाल्यास आपणास जबाबदार धरण्यात येईल.’ गणपती आले, निवडणूक आली, की हा कागद निम्म्या गावाला मिळतो. तो घेतल्याने तुम्ही आरोपी होत नाही.

गुन्हा दाखल झालाच तर बहुधा भारतीय न्याय संहितेच्या कलम २९९ खाली होईल, म्हणजे जुनं २९५-अ. शिक्षा ३ वर्षांपर्यंत, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र. ऐकायला भयंकर आहे. पण त्या कलमाचा सगळा जीव दोन शब्दांत आहे : जाणीवपूर्वक आणि दुष्ट हेतूने. कुणाला राग आला, एवढ्याने ते लागत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५७ मध्ये रामजीलाल मोदी खटल्यात हे कलम वैध ठरवलं, तेही याच मर्यादेत. २०१७ मध्ये महेंद्रसिंह धोनीला एका मासिकाच्या मुखपृष्ठावर विष्णूच्या रूपात दाखवल्याचं प्रकरण त्याच न्यायालयाने याच कारणावरून रद्द केलं : नकळत, निष्काळजीपणे किंवा वाईट हेतू नसताना झालेला अवमान या कलमात बसत नाही. तुमच्या फिल्ममध्ये तर अवमान आहे कुणाचा? माणसं मारणाऱ्या एका काल्पनिक पंथाचा. ‘हा आमचाच बाबा’ असं म्हणणाऱ्याला कोर्टात आधी हे साम्य स्वतःच्या तोंडाने सिद्ध करावं लागेल. ते करायला कुणी फारसं धजत नाही.

आता त्या दोन गोष्टी. पहिली, पोस्टर. फिल्ममध्ये पाळलेली काळजी पोस्टरवर सुटली. मागे धूसर केलेली कमान त्याच मठाची आहे, आणि दोन्ही बाजूंचे दगडी दिवे पाहून पंचक्रोशीतलं पोरसुद्धा ती ओळखेल. तुम्ही म्हणाल, फोटो चांगला आला म्हणून वापरला. मला पटतं. पण काल्पनिक पंथाच्या रक्तरंजित पोस्टरमागे खरी कमान ठेवली, की ‘काल्पनिक’ हा बचाव अर्धा ढासळतो. आजच उतरवा, बदला, आणि कधी बदललं त्याची नोंद ठेवा.

दुसरी गोष्ट पोस्टरहून वाईट आहे. मित्रांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तुमचा मेसेज आहे : ‘आता या भगतड्यांना दाखवतोच.’ तुम्ही प्रामाणिकपणे स्क्रीनशॉट पाठवला, बरं केलंत. दुष्ट हेतू शोधायला निघालेला तपास अधिकारी फिल्म नंतर बघेल, हा मेसेज आधी वाचेल. तो डिलीट करू नका. पुरावा नष्ट केल्याचा वेगळा गुन्हा ओढवून घ्याल, आणि ग्रुपमधल्या दहा जणांच्या फोनवर तो राहणारच. मेसेज ट्रेलरवर शिव्या आल्यानंतर संतापाच्या भरात गेला, फिल्मचं लेखन त्याच्या आधी कित्येक महिने पूर्ण झालं होतं, हे दाखवता आलं पाहिजे. पटकथेची वही, तारखा असलेल्या फाइली, एडिटिंगचा प्रोजेक्ट, सगळं मूळ स्वरूपात जपा.

आणि म्हणूनच माफीनाम्याला माझा विरोध आहे. आपल्याकडे ठाण्याच्या बाकावर बसून, चहा पीत, चार पुढाऱ्यांच्या साक्षीने माफीनामे लिहिले जातात. अंमलदार सांगतो, पोरगं लिहितं. माझ्याकडे असे कागद येतात. त्यात हमखास एक वाक्य असतं : ‘माझ्याकडून अमुक समाजाच्या भावना दुखावण्याचे कृत्य घडले असून पुन्हा असे करणार नाही.’ ज्याने हे लिहिलं त्याने हेतू सोडून सगळं कबूल केलं, आणि हेतूसाठी तुमचा मेसेज तयारच आहे. शिवाय मिटलं म्हणून सुटकेचा श्वास टाकावा, तर तिसऱ्याच गावातला चौथाच माणूस उद्या नवी तक्रार देऊ शकतो.

त्याऐवजी लेखी खुलासा द्या, वकिलाकडून तपासून. एका पानाचा. त्यात एवढंच : फिल्ममधील पंथ, व्यक्ती व प्रसंग काल्पनिक आहेत, कोणत्याही धर्माचा, पंथाचा अवमान करण्याचा हेतू नव्हता व नाही, पोस्टरवरील छायाचित्राबाबत आक्षेप समजताच ते अमुक तारखेस काढून टाकले. ‘दुखावले’, ‘चूक’, ‘पुन्हा करणार नाही’ हे शब्द नकोत. दोन प्रती न्या, एकीवर पोहोच घ्या, सही-शिक्का आणि आवक क्रमांकासह. मठाच्या विश्वस्तांना जाऊन भेटायचं असेल तर जरूर भेटा, चहा घ्या, बोला. खानदेशात निम्मी भांडणं ओट्यावर मिटतात आणि त्यात कमीपणा नाही. फक्त तिथे कागदावर सही करू नका.

अटकेबद्दल. २९९ मधली कमाल शिक्षा ३ वर्षं असल्याने एफआयआर नोंदवण्याआधी उपअधीक्षकांच्या परवानगीने १४ दिवसांत प्राथमिक चौकशी करण्याची सोय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३(३) मध्ये आहे (या परिच्छेदातली पुढची ३५, ४८२, ५२८ ही कलमंही त्याच संहितेची). २८ मार्च २०२५ च्या इम्रान प्रतापगढी निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की बोलण्या-लिहिण्यावरून गुन्हा दाखल करायचा असेल तिथे ही चौकशी करणंच योग्य, आणि शब्दांचा परिणाम खंबीर, समंजस माणसाच्या मनावरून मोजायचा, प्रत्येक गोष्टीत धोका पाहणाऱ्याच्या मनावरून नाही. खुलाशासोबत त्या निकालाची प्रत जोडा. गुन्हा दाखल झालाच तर ७ वर्षांपर्यंतच्या शिक्षेच्या गुन्ह्यात आधी कलम ३५(३) ची हजर राहण्याची नोटीस देणं अपेक्षित असतं. ती आली की वेळेवर हजर व्हा, लपू नका. तरी धाकधूक वाटली तर कलम ४८२ खाली अटकपूर्व जामिनासाठी अमळनेरच्या सत्र न्यायालयात अर्ज करा. एफआयआर रद्द करून घ्यायचा तर औरंगाबाद खंडपीठ, कलम ५२८. आणि २९९ मध्ये सरकारची पूर्वमंजुरी असल्याशिवाय कोर्ट दखलच घेऊ शकत नाही, ही शेवटची चाळणीही लक्षात ठेवा.

तुम्ही विचारलं नाही, पण माझी झोप उडवणारा मुद्दा वेगळा आहे. शो. फिल्मला सेन्सॉरचं प्रमाणपत्र नाही. यूट्यूबला ते लागत नाही, मंगल कार्यालयाला लागतं. ‘मोफत आहे’, ‘गावातलीच माणसं आहेत’ हे बचाव इथे चालत नाहीत. कुणीही येऊन बसू शकतं, म्हणजे ते सार्वजनिक प्रदर्शन. १९५२ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याच्या कलम ७ मध्ये त्याला ३ वर्षांपर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि इथे हेतू सिद्ध करायची भानगड नाही. पडदा लावला, प्रमाणपत्र नाही, संपलं. कार्यालयाच्या मालकाने शो रद्द केला म्हणून तुम्ही त्याला शिव्या घालताय. खरं तर त्याने तुम्हाला वाचवलं. विरोधकांना हे कलम अजून सुचलेलं नाही, एवढंच.

सेन्सॉर बोर्डाच्या मुंबईच्या कार्यालयात ऑनलाइन अर्ज करा. तुमच्या फिल्मला फक्त प्रौढांसाठीचा ‘अ’ किंवा २०२३ च्या दुरुस्तीनंतर आलेला ‘यूए १६+’ (१६ वर्षांखालच्यांनी पालकांच्या मार्गदर्शनाने पाहावा असा) मिळेल असं मला वाटतं. ‘अ’ मिळाला तर फिल्ममध्ये पुरला जाणारा पोरगा स्वतःची फिल्म हॉलमध्ये पाहू शकणार नाही. नकार मिळाला किंवा कापाकापी पटली नाही तर अपील थेट उच्च न्यायालयात. मधलं अपील न्यायाधिकरण २०२१ मध्ये बंद झालं. प्रमाणपत्र हातात आल्यावर जागेच्या परवान्याचं जिल्हाधिकारी कार्यालयात विचारा. मग मात्र ‘लोक गोंधळ घालतील’ म्हणून पोलिसांनी हात वर केले, तर १९८९ चा एस. रंगराजन निकाल दाखवता येतो : निदर्शनांच्या धमकीपुढे सरकारने नमायचं नाही, प्रदर्शनाला संरक्षण द्यायचं.

त्या पोरावरून आठवलं. तो ११-१२ वर्षांचा दिसतो. १४ वर्षांखालच्या बालकलाकाराला घ्यायचं तर जिल्हा दंडाधिकाऱ्यांची परवानगी लागते, दिवसाला ५ तासांहून जास्त काम नाही, सलग ३ तासांहून जास्त नाही, आणि त्याच्या कमाईतले किमान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत. हौशी फिल्म म्हणून यातून सूट मिळेलच असं धरून चालू नका. परवानगी घेतली नसेल तर मागच्या तारखेचे कागद बनवण्याचा मोह टाळा. आई-वडिलांसह वकिलासमोर बसा.

धमक्यांची तक्रार आजच द्या, वेगळी. ठार मारण्याच्या धमकीला न्याय संहितेच्या कलम ३५१ मध्ये ७ वर्षांपर्यंत शिक्षा आहे. कॉल रेकॉर्डिंग ज्या फोनवर आहे तो फोन विकू नका, फॉरमॅट करू नका. रेकॉर्डिंग पुराव्यात येताना ते कोणत्या फोनवरचं, कसं काढलं याचं प्रमाणपत्र सोबत द्यावं लागतं.

राहिले ५,००० रुपये. कार्यालय मालकाने रद्द केलं, म्हणून पैसे तुमचेच. पण विनाप्रमाणपत्र शोसाठी हॉल घेतला होता, हे लेखी भांडणात बाहेर यायला नको. पावती जपून ठेवा आणि पुढच्या तारखेला तेच पैसे वळते करून द्या असं त्याला तोंडी विचारा. तुमच्या बहिणीचं लग्न त्याच कार्यालयात आहे असं तुम्ही लिहिलंय, तेव्हा तो ऐकेल.