छंदाची पेटी : न धावलेल्या रेल्वेच्या वाघिणी

प्रश्न : मी चिपळूणचा. कऱ्हाडहून कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला येणारी, साधारण १९२५ सालातली अडीच फुटी (दोन रुळांत अडीच फूट अंतर असलेली) रेल्वे मी कल्पून घेतली आहे आणि तिचं मॉडेल करतो आहे. रूळ ९ मिलिमीटरचे मिळाले, इंजिनही मिळालं. शोभतील अशा वाघिणी, म्हणजे मालाचे डबे, मात्र बाजारात नाहीत. स्वतः करायच्या तर मापं कुठून घ्यायची? की सगळं काल्पनिकच आहे, तर कशीही केली तरी चालेल?

उत्तर : चालणार नाही. खऱ्या रेल्वेचं मॉडेल करणाऱ्याला कुणी हटकलं तर तो जुना फोटो काढून दाखवतो. तुमच्याकडे फोटो नाही. तुमच्या वाघिणीकडे बघूनच माणसाला पटलं पाहिजे की ही कुणीतरी कामासाठी बनवून घेतली होती. म्हणून कापायची पाती हातात घेण्याआधी एका कागदावर लिहा : खाली काय जायचं, वर काय यायचं.

तुमचं सुदैव असं, की कऱ्हाडच्या बाजूला ओगलेवाडी आहे. तिथला काचकारखाना १९१६ सालचा, त्यांचा प्रभाकर कंदील घरोघरी होता. म्हणजे घाट उतरताना पेंढ्यात बांधलेल्या काचा आणि कंदिलांच्या पेट्या. ह्याला बंद वाघीण हवी, दार रुंद हवं. वर येताना गलबतांनी चिपळूणच्या खाडीत आणलेलं मीठ, शिवाय नारळ, तांदूळ, सुकी मासळी. मीठ लोखंड खातं, तेव्हा त्या वाघिणीच्या खालच्या कडेला तांबेरा जास्त दाखवा. आणि ज्या वाघिणीतून सुकट येते तिच्यात कंदिलांच्या पेट्या भरायला कुठला स्टेशनमास्तर तयार होईल? दारावर बारीक अक्षरात ‘फक्त मासळी’ लिहून टाका.

आता मापं. अडीच फुटी रेल्वेसाठी आपल्याकडे बार्शी लाइट रेल्वेसारखा गुरू नाही. एव्हरार्ड कॅलथ्रॉप ह्या इंग्रज इंजिनियरने ती उभी केली, १८९७ साली बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी असा पहिला टप्पा सुरू झाला. त्याचा हट्ट होता की कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडता कामा नये, म्हणजे हलके रूळ पुरतात. आणि डबे सगळे एकाच सांगाड्यावर : लांबी २५ फूट, रुंदी ७ फूट, खाली चार-चार चाकांच्या दोन बोग्या. (आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. इथे मी फक्त खालच्या चाकांच्या गाड्याबद्दल बोलतोय.) आपलं प्रमाण १:८७, म्हणजे एका फुटाला साडेतीन मिलिमीटर. वाघीण झाली ८७.५ मिमी लांब, २४.५ मिमी रुंद. अडीच फूट म्हणजे ७६२ मिमी, त्याला ८७ ने भागलं की ८.७६ येतात, म्हणून ९ मिमीचे रूळ डोळ्याला खटकत नाहीत.

पण तुमच्याकडे घाट आहे. माथेरानच्या गाडीत डब्याडब्यावर हातब्रेक फिरवणारा माणूस असायचा, तुम्हालाही तो लागेल. वाघिणीच्या एका टोकाला तीन फुटांचा उघडा ओटा सोडा, वर पावसापुरतं पत्र्याचं छप्पर, मध्ये उभा ब्रेकचा दांडा. तीन फूट म्हणजे १०.५ मिमी. तेवढी पेटी आखूड होऊन ७७ मिमीची राहील. असं एक कारण सापडलं की वाघीण तुमची होते, बार्शीची नक्कल राहत नाही.

पहिली वाघीण मी कशी बिघडवली तेही सांगतो. मी कोल्हापूरच्या उद्यमनगरात तीस-बत्तीस वर्षं फौंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करायचो. ओतीव लोखंड थंड होताना शेकडा एक आकसतं, म्हणून पॅटर्नवाल्याची पट्टीच तेवढी ताणलेली असते. वाघिणीच्या बाजू मी सवयीने त्या पट्टीवर आखल्या. छप्पर नातवाच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर आखलं. छप्पर जवळजवळ एक मिलिमीटर आखूड! दोन संध्याकाळी मी पातीला शिव्या दिल्या. तेव्हा एका मॉडेलला एकच पट्टी, आणि ती स्टीलची.

माल म्हणाल तर अर्ध्या मिलिमीटरचा पांढरा स्टायरिन, म्हणजे प्लॅस्टिकचा, पत्रा. फळ्या दाखवायच्या तर पातीच्या पाठीने पावणेदोन मिलिमीटरवर रेघा ओढा, ती सहा इंची फळी झाली. धारेने ओढू नका, खाच पडण्याऐवजी पत्रा कापला जातो. रिव्हेटसाठी कंपासचं टोक बोथट करून मागच्या बाजूने दाबायचं. चारही बाजू आधी काचेवर सपाट ठेवून पूर्ण करा, पेटी शेवटी जोडा. उभ्या पेटीवर रिव्हेट पाडायला गेलात तर ती आत बसेल. माझ्या दोन बसल्या.

प्रश्न : नाशिकची घोड्यांची ट्राम बंद पडलीच नाही, उलट तिला वीज मिळाली, असं धरून मी एक ट्राम करते आहे. गेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, अडीच फूटच धरलंय. वळणाची त्रिज्या १५ सेंटिमीटर. खिडक्या नीट कापल्या जात नाहीत आणि वळणावर ट्राम शेजारच्या ट्रामला घासते. – एक वाचक, नाशिक रोड

उत्तर : कल्पना फार आवडली. १८८९ साली सुरू झालेली ती ट्राम गावातून तुमच्या स्टेशनापर्यंतच यायची, तेव्हा शेवटचा थांबा तुमच्या दाराशी. मुंबईत घोडे १८७४ मध्ये आले आणि १९०७ मध्ये विजेची ट्राम, तोच घटनाक्रम नाशिकला थोडा उशिरा लावा. फक्त मुंबईची १९२० नंतरची दुमजली ट्राम अडीच फुटी रुळावर चढवू नका. तिथले रूळ ४ फूट साडेआठ इंचाचे होते. तुमची वळणावर आडवी होईल.

घासण्याचं उत्तर गणितात आहे. २८ फुटी ट्राम आपल्या प्रमाणात ९८ मिमी. चाकं मधोमध जवळजवळ असतात, म्हणून टोकं वळणाबाहेर सरळ जातात. अर्ध्या लांबीचा वर्ग भागिले त्रिज्येची दुप्पट : ४९ गुणिले ४९ भागिले ३००. टोक आठ मिलिमीटर बाहेर! ट्राम २३ मिमी रुंद असेल तर कोपरा रुळांच्या मध्यापासून साडेएकोणीस मिलिमीटरवर जातो. खऱ्या ट्रामची तोंडं निमुळती करतात ती ह्याच कारणाने. तुम्ही टोकाची रुंदी १६ मिमीवर आणा, साडेतीन मिलिमीटर तिथेच सुटतील. तेवढ्याने भागेल का, हे बघायला आधी पुठ्ठ्याचा तळ कापून चॅसीवर (खालच्या चाकांच्या सांगाड्यावर) ठेवा, कोपऱ्यांना पेन्सिलीचं टोक चिकटवा आणि वळणावरून हाताने फिरवा. कागदावर उमटलेली रेघ खोटं बोलत नाही. चॅसी स्वतः करायच्या फंदात मात्र पडू नका. जपानी एन गेजच्या छोट्या ट्रामची मोटर लावलेली चॅसी मिळते, चाकं ९ मिमीच्या रुळांचीच असतात.

खिडक्यांसाठी लग्नपत्रिका. गंमत नाही करत. जाड, गुळगुळीत, न सोललं जाणारं कार्ड दुसऱ्या कुठल्या दुकानात इतकं चांगलं मिळत नाही, आणि आमच्या घरी वैशाखात ढीग साचतो. बाजू दोन थरांत करा : आतल्या थराला मोठी भोकं, बाहेरच्याला बारीक खांब. सगळ्या खिडक्यांच्या आडव्या रेघा आधी एका दमात कापा, मग सगळ्या उभ्या. एकेक खिडकी पुरी करत गेलात की ओळ वरखाली होते. काचेला शर्टाच्या खोक्याचं पारदर्शक झाकण. ते फेविक्विकने चिकटवू नका, त्याच्या वाफेने पांढरी साय धरते. फेविकॉलचा एक टिपका पुरे.

प्रश्न : पुठ्ठ्याच्या वाघिणी पावसाळ्यात केळीसारख्या वाकतात. – एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : बाहेरून रंग, आतून कोरा पुठ्ठा, असंच ना? कोरी बाजू ओल पिते, रंगवलेली पीत नाही, मग पुठ्ठा वाकणारच. सुताराकडचं लाखदाण्याचं पॉलिश, स्पिरिटमध्ये पातळ केलेलं, कापण्याआधीच दोन्ही अंगांना दोन हात. वाळलं की पुठ्ठा खडखडीत होतो आणि पातीखाली फाटत नाही. हे काम मेमध्ये उरका, जूनमध्ये तुमच्याकडे काहीच वाळत नाही.

प्रश्न : थ्री-डी प्रिंटरवर सगळं का छापू नये?

उत्तर : बोगीच्या बाजू छापा, त्या सारख्याच आठ-दहा लागतात आणि हाताने करताना माणूस तिसऱ्यालाच कंटाळतो. सपाट बाजू छापून, थरांच्या रेघा घासून, पुन्हा खिडक्या साफ करण्यापेक्षा मी ती पत्र्यातून पंधरा मिनिटांत कापतो. तुमच्याकडे प्रिंटर असेल तर तुम्ही ऐकणार नाही, हे मला माहीत आहे.

प्रश्न : माझी रिकामी वाघीण सांध्यावर उडते.

उत्तर : हलकी आहे. १:८७ च्या मोठ्या गेजच्या गाड्यांसाठी अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वे संघटनेचा आडाखा आहे : २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या दर इंचाला १४. ८७ मिलिमीटरच्या वाघिणीला ते ७६ ग्रॅम होतात. अडीच फुटीचं इंजिन तेवढ्याने घाटात दमतं, म्हणून मी पन्नासच्या आसपास थांबतो. वजन टायरवाल्याकडून आणा, चाक बॅलन्स करताना लावतात त्या चिकटपट्टीच्या तुकड्यांपैकी. शिसं असेल तर हात धुवा. तुकडा छपराखाली नाही, तळाला चिकटवा.