काट्यावरचा राग ताटावर

भाऊ, तुमचं पत्र दोनदा वाचलं. नाव-गाव देत नाही, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगते. तुम्ही जळगाव जिल्ह्यातल्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यात, काट्यावर आहात, कापसाचं वजन करायचं आणि ओलावा बघायचा. शेतकरी म्हणतो घरून कोरडा भरला होता, तुमचं मशीन १४ टक्के ओलावा दाखवतं, तो तुमच्यावर ओरडतो, मग मालक येऊन सगळ्या ट्रॅक्टरवाल्यांसमोर तुम्हालाच झापतो आणि तुम्ही मान खाली घालून पावती फाडता. रात्री घरी भाजीत मीठ कमी म्हणून ताट ढकललंत, कळण्याची भाकरी खाटेखाली गेली आणि नऊ वर्षांच्या मुलीनं ती काही न बोलता उचलली, झटकली, परत ताटात ठेवली. वहिनी म्हणाल्या, "घरमा वाघ अन् बाहेर शेळी." आणि तुम्ही मला विचारताय, ताई माझा स्वभावच तापट आहे का.

नाही हो. स्वभाव तापट असता तर मालकावरही तापला असतात ना. दिवसभर तुम्ही सगळं गिळता म्हणजे ताबा आहे तुमच्याकडे, फक्त तो जिनिंगच्या गेटपर्यंतच टिकतो, कारण घरात तुम्हाला कामावरून काढणारं कोणी नाही. कडू लागेल पण वड्याचं तेल वांग्यावर निघतंय आणि त्यात वांग्याचा काहीच दोष नाही.

माझे वडील असेच होते, भुसावळला नोकरीला. सायकलची घंटी वाजली की आम्ही भावंडं दप्तर उघडून बसायचो, अभ्यास कोणी करत नव्हतं, नुसता त्यांचा चेहरा बघायचो. म्हणून तुमच्या मुलीचं ते भाकरी झटकणं माझ्या डोळ्यासमोरून जातच नाहीये.

तुम्ही पत्रात सहा वेळा 'राग' लिहिलंय, मला तो राग कमी आणि अपमान जास्त वाटतो. चार लोकांसमोर आपली किंमत गेली, ही ती भावना. हा फरक उगाच सांगत नाहीये, राग म्हटलं की कोणावर तरी काढावासा वाटतो, अपमान म्हटलं की तो कुठं झाला हे आधी आठवतं, आणि तो घरात झालेला नाही. कॅलिफोर्नियात मॅथ्यू लीबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये मेंदूचे स्कॅन काढून दाखवलं की चेहऱ्यावरच्या भावनेला शब्दात नाव दिलं की मेंदूतला भीती-धोक्याला लगेच पेटणारा भाग, अमिग्डाला, थोडा शांत होतो. आणि राग बाहेर काढला की मोकळं वाटतं म्हणतात ना, ते फार खरं नाही, आदळआपट करून राग उलट वाढतो असंच अभ्यासात दिसलंय.

मग करायचं काय. घराच्या अलीकडे गाडी थांबवा, हेल्मेट काढा आणि तोंडानं बोला, "आज मला लोकांसमोर बोलले, मला कमीपणा वाटला." वेड्यासारखं वाटेल पहिले दोन दिवस, वाटू द्या. घरात गेल्यावर हेच वाक्य वहिनींना सांगा आणि शांत बसायला पंधरा मिनिटं मागून घ्या. त्यांना आजवर तुमचं तोंड दिसतंय, कारण दिसत नाहीये.

मालकाशी गर्दीत बोलू नका, सकाळी पहिली गाडी लागायच्या आधी बोला. मशीनचा आकडा शेतकऱ्याला स्वतः वाचता येईल असं ठेवा, किती टक्के ओलाव्याला किती कटती, म्हणजे किती कापलं जाणार, याचा बोर्ड काट्याशेजारी लावून मागा. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत ओलाव्याचा ८ ते १२ टक्क्यांचा नियम सगळ्यांना माहीत असतो, खाजगीत तो नसला तरी तुमचा जो काही हिशोब असेल तो उघड दिसला तर निम्मी भांडणं तुमच्या अंगावर येणारच नाहीत. आणि मालकाला एवढंच म्हणा, चूक असली तर ऑफिसात बोलवून बोला. नाही ऐकलं तरी तुम्ही बोललात हे तुम्हाला आठवेल.

हात उचलावासा वाटला, झोप उडाली, तर थांबू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, रात्री-बेरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं.

हे सगळं उद्यापासून. आज मात्र मुलीजवळ बसा आणि नेमकं त्या भाकरीबद्दल बोला. "त्या दिवशी ताट मी ढकललं, तुझी-आईची काही चूक नव्हती, भाकरी मी उचलायला पाहिजे होती." ती लगेच काही बोलणार नाही, तरी उठू नका.